जिथं सापळा लावायचा नाही

सप्टेंबर सरत आला होता. शेजारच्या आजोबांनी दिलेल्या ब्लूबेरीच्या मुरंब्याची बरणी धुऊन परत द्यायला गेले, तर त्यांचं स्वयंपाकघरातलं टेबल पूर्ण झाकून नकाशा पसरलेला. घड्यांवर चिकटपट्ट्या, हात लागून लागून कडा तेलकट, आणि वर रंगीत पेन्सिलींच्या खुणा. पाण्यात घर बांधणाऱ्या बीव्हरसाठी निळ्या, मुंगसासारख्या मार्टनसाठी लाल, मोठ्या रानमांजरासारख्या लिंक्ससाठी पिवळ्या, मार्टनच्याच कुळातल्या मिंक आणि पाणमांजरासाठी हिरव्या. त्यांची ट्रॅपलाइन, म्हणजे फरच्या प्राण्यांसाठी सापळे लावायची नेमून दिलेली हद्द, इथे कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात, थंडर बे शहराच्या उत्तरेला, निपिगॉनच्या अंगाला आहे. वडील फिनलंडहून लाकूडतोडीच्या कामाला इकडे आले आणि हिवाळ्यात सापळे लावायला लागले; पुढे लाइन मुलाकडे आली. नकाशा खुणांनी गजबजलेला होता, पण ईशान्येचा मोठा तुकडा, जुन्या स्प्रूसचं दाट रान आणि त्यातून वाहणारे ओढे, अगदी कोरा. "इकडे मार्टन नाहीत का?" मी विचारलं. "सगळ्यात जास्त तिकडेच आहेत," ते म्हणाले आणि लाल पेन्सिलीला टोक काढायला लागले.

मग इतकं भरलेलं रान कोरं का ठेवायचं?

मी पुढे विचारलं नाही, कारण तेवढ्यात कॉफी आली आणि विषय त्यांच्या गुडघ्याकडे गेला. पण तो कोरा तुकडा काही डोक्यातून जाईना. मी वाढले नगर जिल्ह्यात, कर्जत तालुक्यात, माळकऱ्यांच्या घरात. आमचे अण्णा मुंग्यांच्या वारुळाला साखर घालायचे, घरात अंडंसुद्धा येत नसे. इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात आजोबांच्या गॅरेजचं दार उघडं दिसलं की मी मान वळवून पुढे जायची. आत भिंतीवर लोखंडी सापळ्यांच्या रांगा, छताला फळ्यांवर ताणलेली कातडी. मान वळवायचं कधी सुटलं ते सांगता येणार नाही. आजी वारल्यावर मी त्यांना डबा द्यायला लागले, बोलणं वाढलं, आणि लक्षात आलं की या माणसाच्या बोलण्यात मारण्याचा भाग फार थोडा असतो. बाकी सगळं कोण कुठे राहतं, काय खातं, कधी हलतं, कोणाला भितं, याचंच असतं.

एकाच जातीचा प्राणी धरायचा असेल तर काम सोपं, असं ते म्हणतात. तो जिथे असेल तिथे जायचं. पण एका हिवाळ्यात, एकाच माणसाने, एका स्नोमोबाइलवर, म्हणजे बर्फावरच्या गाडीवर, सहा-सात जातींची आखणी करायची तर गोष्ट वेगळी. प्रत्येकाच्या केसांची पक्वता निराळी. अर्मिन (हिवाळ्यात पांढरा होणारा, मार्टनच्या कुळातला छोटा प्राणी), मिंक, मार्टन यांची फर नोव्हेंबरात तयार होते. लिंक्सची डिसेंबर उजाडल्यावर. बीव्हरची खरी दाट फर हिवाळ्याच्या उत्तरार्धात, आणि मस्करॅट या पाण्यात राहणाऱ्या उंदरासारख्या प्राण्याची तर बर्फ सुटायच्या सुमाराला. घाई केली तर कातडं खोटं बोलत नाही. अर्धवट पिकलेल्या कातड्याची आतली बाजू निळसर-काळी दिसते, पिकलेल्याची सायीच्या रंगाची. गॅरेजमधल्या पिवळ्या बल्बखाली त्यांनी दोन्ही शेजारी धरून दाखवली होती. निळसर डागावर बोट ठेवून म्हणाले, "हे आठ दिवस आधी गेलं." आवाजात हळहळ होती. पैशाचं नुकसान होतंच, पण एक जीव फुकट गेला, याची ती हळहळ होती असं मला वाटलं, अजूनही वाटतं.

शिवाय पाणी. नोव्हेंबरात इथली छोटी तळी गोठू लागतात तेव्हा काही दिवस असे येतात की नाव चालत नाही आणि बर्फ माणसाला पेलत नाही. आमच्याकडे वडील पहिल्या पावसानंतर वाफसा येईपर्यंत बांधावर नुसते उभे राहायचे, हातात पाभर तयार असूनही; आजोबांचे हे दिवस मला तसेच दिसतात. त्या काळात ते जुन्या लाकूडतोडीच्या रस्त्यांवरून गाडीने जेवढं करता येईल तेवढंच करतात. म्हणजे मार्टन, अर्मिन आणि मार्टनचा मोठा भाऊबंद फिशर. तळ्यापलीकडच्या खुणा पुढच्या महिन्यात. बर्फ कसा जमला हे ते कुऱ्हाडीने खोदून बघतात: स्वच्छ, निळसर बर्फ विश्वासाचा, हिम भिजून गोठलेला पांढरा बर्फ तेवढाच जाड असला तरी निम्म्या ताकदीचा. वर हिमाचा जाड थर पडला की खाली बर्फ जाड होत नाही, उलट त्याच्या वजनाने बर्फ दबतो, भेगांतून पाणी वर येतं आणि स्नोमोबाइल त्या ओल्या हिमाच्या चिखलात रुतते. नकाशावरची फेरी गोल असते ती याचसाठी. गेलेल्या वाटेने परत यायचं नाही आणि रुतलेल्या जागी दोनदा जायचं नाही.

आणि या सगळ्याच्या मुळाशी बीव्हर. हे मला फार उशिरा कळलं. ऑक्टोबरात पाणी उघडं असताना आजोबा आधी थोडे बीव्हर धरतात. त्यांची फर तेव्हा फारशी भरलेली नसते, पण मांस लागतं. त्याच मांसाचे तुकडे पुढे मार्टनच्या, फिशरच्या सापळ्याच्या पेटीत आमिष म्हणून जातात. बीव्हरच्या शेपटीजवळ ज्या गंधाच्या पिशव्या असतात, त्या ते वेगळ्या काढून वाळवतात. हा गंध सुगंधी द्रव्यांत पूर्वापार वापरतात. आजोबांच्या गॅरेजमध्ये तो गोड, उबदार, कमावलेल्या चामड्याचा वास इतका मुरला आहे की त्यांचा कोट आमच्या जिन्यात टांगला तरी संध्याकाळपर्यंत राहतो. लिंक्सला तोच वास ओढतो. म्हणून निळ्या खुणा आधी. बीव्हर किती धरायचे ते ठरलं की मग बाकीचं ठरतं, आणि बीव्हर किती धरायचे हे ठरतं किती घरं नांदती आहेत यावर. नांदतं घर कसं ओळखायचं? शरदात घराजवळच्या पाण्यात ताज्या तोडलेल्या पॉपलर-विलोच्या फांद्यांची बेगमी दिसते, टोकं पांढरी, दातांच्या खुणा ओल्या. घरावर नवा चिखल थापलेला. आणि कडाक्याच्या थंडीत घराच्या माथ्यावरच्या भोकातून आतली ऊब बाहेर पडते, तिथे हिमकणांची झालर धरलेली असते. बेगमी नसेल तर घर कितीही मोठं असो, आत कोणी नाही.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या भागातून बीव्हर जवळजवळ नाहीसाच झाला होता. फरचा व्यापार करणाऱ्या हडसन्स बे कंपनीला १६७० मध्ये सनद मिळाल्यापासून अडीचशे वर्षं माणसं फक्त घेत गेली. कोणाच्या हद्दीत किती उरलंय याचं सोयरसुतक व्यापाऱ्याला नव्हतं. मग हद्दी आखून लाइनी नोंदवायची पद्धत आली: ब्रिटिश कोलंबियात १९२६ मध्ये, ऑन्टॅरिओत १९४०च्या दशकात. घरांची मोजणी, वाटा ठरवणं, एका हद्दीला एकच जबाबदार माणूस. बीव्हर परत आला. पण हे सांगताना आजोबा एक गोष्ट कधी गाळत नाहीत. ओजिब्वे आणि क्री या इथल्या मूळ रहिवासी समाजांतल्या कुटुंबांच्या शिकारीच्या हद्दी इथे पिढ्यान् पिढ्या ठरलेल्या होत्याच. कोणता ओढा कोणाचा, कोणत्या वर्षी कुठे थांबायचं, हे त्यांना सरकारने शिकवलं नाही. उलट कागदावरच्या नव्या रेषा कितीदा त्यांच्या हद्दी कापत गेल्या. आजोबांच्या लाइनीला लागून एका ओजिब्वे कुटुंबाची लाइन आहे. दोन्ही घरं हंगामाआधी भेटतात, कोण कोणत्या बाजूला थांबणार ते बोलून घेतात.

कोऱ्या तुकड्याचं कोडं मार्टनने सोडवलं. मार्टन हा मांजरापेक्षाही लहान प्राणी, मुंगसाच्या बांध्याचा, पण झाडावर चढणारा, गळ्याशी केशरी डाग. दाट जुन्या रानातच त्याचं बस्तान. आजोबांनी एकदा कातडं काढल्यावर कवटीचा माथा दाखवला. जबड्याचे स्नायू दोन्ही बाजूंनी वर येऊन मधोमध जुळले असतील तर प्राणी प्रौढ, मध्ये फट असेल तर यंदाचं पिल्लू. हंगामाच्या सुरुवातीला सापळ्यात येतात ते बहुतेक तरुण आणि नर, कारण ते नवी जागा शोधत भटकत असतात. आपल्या जागेत स्थिरावलेल्या प्रौढ माद्या उशिरा येऊ लागतात. म्हणून आजोबा वहीत प्रत्येक मार्टनचं लिंग आणि वय लिहितात, आणि एका प्रौढ मादीमागे तीनपेक्षा कमी पिल्लं पडायला लागली की सरकारी मुदत बाकी असली तरी सगळ्या लाल खुणांवरचे सापळे काढून आणतात. त्या मादीच्या पोटात काय असतं ते त्यांनीच सांगितलं. मार्टनचा समागम ऐन उन्हाळ्यात होतो, पण गर्भ वाढत नाही, नुसता थांबून राहतो. हिवाळा सरता सरता तो रुजतो आणि पिल्लं वसंतात जन्मतात. जानेवारीत मादी धरली म्हणजे एप्रिलही धरला.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. ज्या वर्षी रानात रानउंदीर कमी असतात, त्या वर्षी मार्टन भुकेने व्याकूळ होऊन पेटीत पटापट शिरतात. सापळे भरतात. नवख्याला वाटतं, काय भरभराट आहे! आणि खरं तर तेच वर्ष हात आखडायचं असतं. भरलेले सापळे बघून मोह आवरणं मनावर सोडता येत नाही, आजोबा म्हणाले, म्हणून मी सप्टेंबरात, पोट भरलेलं असताना, नकाशावर ठरवून टाकतो. त्या कोऱ्या रानातून जादा झालेले मार्टन दरवर्षी बाहेर पडतात आणि लाल खुणांच्या रिकाम्या ओढ्यांवर येऊन वसतात. तिथे सापळा लागला तर दोन-तीन वर्षांत सगळा नकाशाच रिकामा.

लिंक्सचं गणित तर आणखी लांब पल्ल्याचं. लिंक्स सशावर जगतो, आणि इथला पांढरा होणारा ससा साधारण दहा वर्षांच्या फेऱ्यात वाढतो आणि कोसळतो. ससे पडले की एक-दोन वर्षांत लिंक्स पडतो. जे उरतात त्यांना पिल्लं वाढवता येत नाहीत. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स एल्टनने १९४२ मध्ये मांडलं ते हडसन्स बे कंपनीच्या कातड्यांच्या हिशेबवह्यांवरून. आजोबांनी एल्टन वाचलेला नाही. ते विलोच्या फांद्या बघतात. सशांनी किती उंचीपर्यंत साल कुरतडलीय, गाडीच्या दिव्यात रात्री किती ससे रस्ता ओलांडतात. ससे ओसरले की नकाशावर पिवळी पेन्सिल पुढची काही वर्षं उघडतच नाही.

एक जात धरताना दुसरी अडकू नये, हाही आखणीचाच भाग. मी गॅरेजमध्ये जास्तीत जास्त वेळ रमले ती हे बघण्यात. मार्टनची लाकडी पेटी तिरक्या ओंडक्यावर, झाडाला, छातीच्या उंचीला बांधतात. खाली ठेवली तर हिमात गाडली जाते आणि उंदीर फर कुरतडतात. आमिष वरून उघडं दिसता कामा नये, नाहीतर घुबड आणि ससाणे झेपावतात. पेटीचं तोंड एवढंच की लिंक्सचं डोकं जाणार नाही. बर्फाखाली बीव्हरसाठी जो मोठा सापळा उतरवतात, त्याची चाप सोडणारी तार मधोमध न ठेवता एका कडेला सरकवायची: रुंद अंगाचा बीव्हर तिला घासतो, सडपातळ पाणमांजर बाजूने निसटून जातं. आजोबांची बोटं संधिवाताने वाकडी झालीत, पण ती तार ते स्वतःच वाकवतात, दुसऱ्याला करू देत नाहीत. सापळे स्प्रूसच्या सालीत उकळतात, तेव्हा सगळ्या गल्लीला राळेचा वास सुटतो.

हे सापळे झटकन मारण्यासाठी बनवलेले आहेत. ते मूळचे फ्रँक कॉनिबेअर या ट्रॅपरचं काम. उत्तरेत आयुष्य काढताना पाय अडकून तासन् तास तडफडणारे प्राणी त्याने पाहिले आणि १९५०च्या दशकात हा चौकोनी सापळा बाजारात आणला. १९९७ मध्ये कॅनडा, युरोपीय संघ आणि रशिया यांचा करार झाला, त्यात सेकंद ठरले: अर्मिन ४५ सेकंदांत, मार्टन १२० सेकंदांत, बाकीचे ३०० सेकंदांत बेशुद्ध व्हायला हवेत, तरच सापळा प्रमाणित. मी हे आकडे पहिल्यांदा ऐकले तेव्हा घड्याळ समोर धरून १२० सेकंद बसून राहिले. फार लांब वाटले. ते अजूनही लांबच वाटतात. आणि उपासमारीने किंवा फिशरच्या तोंडी मरण्यापेक्षा लहान आहेत, हेही खरं आहे. ही दोन वाक्यं मनात शेजारी राहतात, एक दुसऱ्याला हटवत नाही.

आजोबांचा नकाशा बघताना मला सारखी आठवण येते ती आमच्या माळरानाची. रेहेकुरीचं काळविटांचं अभयारण्य आमच्यापासून लांब नाही. लहानपणी पारध्यांची पालं गावाबाहेर पडली की आया आम्हाला घरात घ्यायच्या. चोरी कुठेही होवो, पोलीस आधी त्या पालांवर. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, त्यांच्यात पारधी पुढे ओढले गेले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदावरून पुसला, लोकांच्या मनातून नाही. मोठी झाल्यावर मी कैलास मल्होत्रा आणि माधव गाडगीळ या शास्त्रज्ञांनी आमच्याच भागातल्या भटक्या शिकारी समाजांविषयी लिहिलेलं वाचलं. फासेपारधी फाशांनी काळवीट, तितर, लावे धरत. वैदू सापळ्यांनी मुंगूस, रानमांजर असे छोटे मांसाहारी प्राणी घेत, आणि ओढ्यातली कासवं. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जात. एकाच माळावर तीन समाज, आणि प्रत्येकाचा प्राणी वेगळा, साधन वेगळं. फाशात गाभण हरिणी किंवा पाडस आलं तर फासेपारधी ते सोडून देत. म्हणजे कोरा तुकडा आमच्याकडेही होता. तो नकाशावर नव्हता, रीतीत होता.

फरक एवढाच की आजोबांना त्यांच्या ज्ञानाबद्दल परवाना मिळाला, आणि आमच्या पारध्याला पोलिसाचा दंडुका.

१९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबवली, ते झालंच पाहिजे होतं. माळ तोवर शेतीने, कालव्यांनी, बंदूकवाल्या हौशी शिकाऱ्यांनी अर्धा खाल्ला होता. पण रान ज्यांना तळहातासारखं माहीत होतं, त्यांना त्या रानाच्या राखणीत कोणी विचारलं नाही, याचा मला राग येतो. अकोला-वाशीमकडे फासेपारधी तरुण आता तणमोर या पक्ष्यासाठी गवताळ माळ राखतात, हे वाचलं तेव्हा मी ते आजोबांना सांगितलं. तणमोर म्हणजे काय, तो पावसाळ्यात गवतातून उड्या कशा मारतो, हे हातवारे करून दाखवलं. त्यांनी एकच विचारलं: "त्यांना पगार मिळतो का?" मला तो प्रश्न फार आवडला.

कारण पैशाचा प्रश्न इथेही आहेच. टोरंटोतला मोठा फर लिलाव २०१९ मध्ये आर्थिक संकटात सापडला; आता ऑन्टॅरिओत ट्रॅपरांचा आधार नॉर्थ बेचा लिलाव, जो ट्रॅपर आणि आदिवासी समाजांच्याच मालकीचा आहे. भाव पडले आहेत. गाडीचं पेट्रोलही फरमधून सुटत नाही, असे हंगाम आजोबांनी पाहिलेत. लाइन चालवलीच नाही तर ती दुसऱ्याकडे जाऊ शकते, आणि तो दुसरा कोऱ्या तुकड्यात आधी शिरेल ही त्यांची धास्ती. गेल्या वर्षी त्यांच्या नातीने ट्रॅपरचा अभ्यासक्रम पुरा केला. ती दिवसा शाळेत शिकवते आणि नकाशा फोनवर ठेवते. तिची आणि आजोबांची एका बाबतीत जुंपली आहे: तिच्या मते कोरा तुकडा दर काही वर्षांनी हलवावा, कारण नैर्ऋत्येचं रान आता पुरतं वाढलंय आणि ईशान्येत लाकूडतोडीचा परवाना निघण्याचं चाललंय. रानच गेलं तर तिथे राखून काय राहणार? आजोबा म्हणतात, तोड होईपर्यंत हलवायचं नाही. दोघांचंही मला पटतं, म्हणून मी मध्ये पडत नाही.

मी सापळा लावणार नाही. ते माझ्याने होणार नाही आणि कोणी सांगितलंही नाही. पण येत्या ऑक्टोबरात आजोबांचा गुडघा नावेत बसू देणार नाही, आणि घरांची मोजणी तर करायलाच हवी. नात वल्हं मारेल, मी पुढे बसून बेगमी बघेन: फांद्यांची टोकं पांढरी की काळवंडलेली, चिखल ओला की सुकलेला. निळ्या पेन्सिली मी इथल्या दुकानातून आणून ठेवल्या आहेत, आणि वहीत आठ ओढ्यांची नावं उतरवून घेतली आहेत.